आधी निचरा, मग दिवे
बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या मैदानावर सार्वजनिक पैशातून आधी काय करावं, या चर्चेत वर बहुतेकांचा कल फ्लडलाइटकडे दिसतोय. पैसा सार्वजनिक आहे तर लोकांना दिसेल असं काम करा, हे म्हणणं कळतं. पण उजेडात चिखलच चमकणार असेल तर काय उपयोग? इनफिल्डची (मैदानाच्या आतल्या भागाची) माती आणि गवत जिथे मिळतात ती कड एकदा वाकून बघा. खेळाडूंच्या घसरण्याने आणि मैदान सारखं करायला जाळी ओढताना सरकलेली माती तिथे साचत जाते, बांध तयार होतो आणि पावसाचं पाणी आतच अडतं. ती कड छाटून उतार सरळ करणं हे दिव्यांच्या मानाने किरकोळ खर्चाचं काम.

'दोन्ही खेळांना एकच मैदान' हेही वाटतं तितकं सोपं नाही. मोठ्यांच्या बेसबॉलला दोन बेसमध्ये (धावताना गाठायच्या टप्प्यांमध्ये) ९० फूट लागतात, सॉफ्टबॉलला साधारण ६०. बेसबॉलच्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) १० इंचांचा उंचवटा (माउंड), सॉफ्टबॉलला सपाट वर्तुळ. म्हणजे हलवता येणारा माउंड आणि दोन्ही अंतरांवर बेस बसवायची सोय आराखड्यातच हवी. मागाहून घुसडलं की खोदकाम पुन्हा.

देखभालीचा वार्षिक खर्च कोण उचलणार, तेही मंजुरीआधीच लेखी घ्या. कोनशिलेला सगळे हजर असतात हो! आणि सध्याच्या उताराची मोजणी कुणी केली आहे का?