अनुभव धागा : आपल्या ऋतूतला ईस्टर

ईस्टरच्या शुभेच्छापत्रांवर बर्फ वितळल्यावर उमलणारी फुले, पिवळी पिल्ले आणि रंगवलेली अंडी असतात. आपल्याकडे त्या सुमारास पळसाचा बहर ओसरत आलेला असतो, पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते आणि दुपारचे ऊन चटके देऊ लागलेले असते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा या सणाचा ढोबळ हिशेब असल्यामुळे तो कधी होळीमागोमाग येतो (२०२४ मध्ये ३१ मार्चला), तर कधी हनुमान जयंतीनंतर (२०२५ मध्ये २० एप्रिलला). येशू मरणानंतर तिसऱ्या दिवशी उठला ही श्रद्धा आणि झाडांचे दरवर्षीचे नवेपण, या दोहोंचा आपल्या आयुष्यात मेळ कसा बसला, किंवा बसला नाही, हे आपापल्या अनुभवातून लिहावे, ही विनंती.

वसई

आमच्या लहानपणी ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस घरात मटण-मासळी शिजत नसे आणि लग्नकार्येही होत नसत, त्यामुळे पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, रात्रीची वाट आम्ही मुले पोटापासून पाहत असू, हे आधीच कबूल करतो. त्या रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवले जात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवून त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावली जाई. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू सालाचे आकडे कोरलेले असत. तिच्या ज्योतीवरून एकाची मेणबत्ती, त्याच्यावरून शेजाऱ्याची, असा उजेड बाकांबाकांतून मागे सरकत येई, आणि मग गुरुवारपासून मुकी असलेली घंटा वाजू लागे. आजी मला झोपू देत नसे. “घंटा ऐकल्याशिवाय डोळा लागला, तर पास्क चुकला,” असे ती म्हणे. वाडीतली केळीची नवी पाने मी पुष्कळ पाहिली आहेत. पण नवेपण म्हटले की मला अजूनही तो मागे सरकत येणारा उजेडच आठवतो.

अहिल्यानगर जिल्हा

आमच्या मंडळीत ईस्टरची पहाटेची उपासना दफनभूमीत होते. अंधारात कंदील घेऊन निघायचे, आपापल्या माणसांच्या कबरी आदल्या दिवशीच झाडून ठेवलेल्या असतात, आणि पूर्वेला फटफटले की पाळकसाहेब “प्रभू उठला आहे” असे म्हणतात. परतताना वाटेवरची रब्बीची रानं रिकामी दिसतात, कारण गहू मळून घरात आलेला असतो. जमिनीत पडून मेला नाही तर दाणा एकटाच राहतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातले वचन वडील पेरणीच्या वेळी म्हणत. मला ते पोती भरताना कळले. वडिलांच्या कबरीजवळ उभे राहिल्यावर मात्र ते पुरे पडत नाही, हेही खरे.

पुणे

मी ख्रिस्ती नाही. शेजारच्या काकूंनी दर ईस्टरला रंगीत साखरेचे अंडे पाठवायचे आणि आईने पाडव्याला त्यांच्याकडे श्रीखंड पोहोचवायचे, हा तीस वर्षांचा परिपाठ होता. काकूंना मी एकदा विचारले, “हे आपल्या चैत्रासारखेच ना?” त्या हसून म्हणाल्या, “चैत्र दरवर्षी येतो गं. आमचा प्रभू एकदाच उठला.” तेव्हा मला ते उत्तर थोडे तुटक वाटले होते.

नाशिक

वरच्या अनुभवातल्या काकूंचे म्हणणे मला पटते, आणि ते मला फार महागात पडून पटले आहे. माझा मुलगा सोळाव्या वर्षी गेला. त्यानंतरच्या फाल्गुनात भेटायला येणारी माणसे अंगणातल्या करंजाकडे बोट दाखवून सांगत, “बघा, सगळे पुन्हा पालवते.” त्यांचा हेतू चांगला होता, पण करंजाला आलेले पान हे गळलेले पान नव्हते, आणि मला दुसरे पान नको होते. त्या वर्षी ईस्टरच्या उपासनेला मी केवळ सासूबाईंच्या शब्दाखातर गेले. वाचन होते रिकाम्या कबरेपाशी रडणाऱ्या मग्दालीया मरीयेचे : समोर उभ्या असलेल्या येशूला ती माळी समजते, आणि त्याने नावाने हाक मारल्यावर ओळखते. पुढच्या रविवारी, व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याचे वाचन झाले. उठलेल्या देहावरही खिळ्यांचे व्रण तसेच आहेत, हे मी शंभरदा ऐकले असेन. त्या दिवशी प्रथमच ऐकू आले. जो गेला तोच, त्याच्या जखमांसकट, त्याच्या नावासकट. माझे दुःख त्याने कमी झाले नाही, पण करंजाचा राग गेला.

मेलबर्न

आमच्याकडे ईस्टर शरद ऋतूत येतो, त्यामुळे पालवीचा प्रश्नच उरत नाही. रस्त्याकडेची झाडे पिवळी-तांबडी होऊन झडत असतात आणि दुकानांत मात्र उत्तर गोलार्धातले ससे आणि पिल्ले मांडलेली असतात. पहिल्या वर्षी मला हे सगळे चुकीचे वाटले. आता ईस्टरच्या सुट्टीत आम्ही ट्यूलिपचे कंद लावतो, कारण इथे ते एप्रिल-मे महिन्यांतच मातीत जावे लागतात. गेल्या वर्षी धाकटीने एक कंद पुरला, वरची माती हाताने थोपटली आणि विचारले, “आता तीन दिवसांनी येईल ना?” सप्टेंबरमध्ये, मी म्हणालो. तिने पाणी घातले आणि रोज सकाळी जाऊन पाहू लागली.