गुण जुळवताना दोन्ही पत्रिका एकाच अयनांशाच्या आहेत का, हे कोणी बघतं का?

मालवमाती (इंदूर)

माझ्या भाचीचं ठरत आलेलं स्थळ गेल्या महिन्यात मोडलं. मुलगा इथलाच, सुदामा नगरचा. दोघं भेटली, बोलली, दोन्ही घरांची पसंती झाली आणि मग निरोप आला की एकनाड आहे, म्हणजे दोघांची नाडी एकच, शिवाय मुलगी राक्षसगणी, तेव्हा पुढे जायला नको. ताईने दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं होतं. मी दोन्ही पत्रिका मागवून घेऊन बसले. जे सापडलं ते इथे मांडते आहे, कारण हे आमच्यापुरतं नाही.

भाची जन्मली इंदुरात, पण तिची पत्रिका मांडली रत्नागिरीच्या आजोबांनी, टिळक पंचांगावरून. तीत चंद्र कन्येच्या २५ अंशांवर, म्हणजे चित्रा नक्षत्र, पहिला चरण. राक्षसगण, मध्य नाडी. मुलाची पत्रिका मोबाईलवर काढलेली, चित्रापक्ष अयनांशाची (अयनांश म्हणजे वसंतसंपातापासून राशिचक्राच्या आरंभबिंदूपर्यंतचं अंतर). चंद्र कर्केच्या १४ अंशांवर, पुष्य नक्षत्र, देवगण, मध्य नाडी. गण आणि नाडी जन्मनक्षत्रावरून ठरतात. एकूण ३६ गुणांपैकी नाडीचे ८ गेले आणि गणाचे ६ जवळजवळ गेल्यातच जमा.

आता गंमत नाही, दुखणं सांगते. टिळक पंचांग रेवतीच्या योगताऱ्यापासून, म्हणजे त्या नक्षत्राच्या मुख्य ताऱ्यापासून, शून्य अंश मोजतं. चित्रापक्ष चित्रा ताऱ्याला बरोबर १८० अंशांवर धरून मोजतो. या दोन आरंभबिंदूंत सुमारे ४ अंशांचा फरक पडतो. एका नक्षत्राचा एक चरण ३ अंश २० कलांचा (६० कलांचा १ अंश), म्हणजे हा फरक एका चरणाहून मोठा.

भाचीची पत्रिका चित्रापक्षाने काढली तर चंद्र २१ अंशांवर येतो. हस्त नक्षत्र, देवगण, आद्य नाडी. मुलगा पुष्य, देवगण, मध्य नाडी. गण जुळला, नाडी वेगळी.

उलट दोघांच्याही पत्रिका टिळक पंचांगाने काढा. मुलगी चित्रा, राक्षसगण, मध्य नाडी. मुलाचा चंद्र १४ वरून १८ अंशांवर, म्हणजे आश्लेषा, राक्षसगण, अंत्य नाडी. इथेही गण जुळला, इथेही नाडी वेगळी!

एकनाड कुठल्याच पद्धतीत नाही. ती आली फक्त एक पत्रिका इकडची आणि एक तिकडची शेजारी ठेवल्यामुळे. एकाचं कापड गजाने मोजायचं, दुसऱ्याचं मीटरने, आणि वर म्हणायचं की जोडी बसत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे: पत्रिका बघायची असेल तर दोन्ही एकाच अयनांशाने नव्याने काढा. ज्याला हे करायचं नाही त्याने गुणांचा आकडा तोंडातून काढू नये.

रामबागकर

ताई, तुमचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. पत्रिका ही काय दर वेळी नव्याने छापून घ्यायची पावती आहे का? मुलीचं बारसं चित्रा नक्षत्रावर झालं, चरणाक्षर 'पे' धरून जन्मनाव ठेवलं, घरातली शांत आणि मुहूर्त त्याच नक्षत्रावर झाले. लग्नाच्या वेळी अडचण आली म्हणून नक्षत्र बदलायचं हे मला मान्य नाही.

आणि रैवत पक्ष, म्हणजे ही रेवतीपासून मोजायची पद्धत, हा कोणाच्या मनातला खेळ नव्हे. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ पासून त्याच पायावर पटवर्धनी पंचांग चालवलं. पुढे खुद्द लोकमान्यांनी त्याचा पुरस्कार केला. रेवतीच्या योगताऱ्याला आपल्या ग्रंथांत आधार आहे म्हणूनच ना? आजोबांनी विचार करून केलं असेल ते तुम्ही मोबाईलच्या भरवशावर खोडून काढू नका.

मालवमाती

काका, आजोबांची पत्रिका मी खोडलेली नाही. ती देव्हाऱ्याच्या कपाटात जिथे होती तिथेच आहे. तुमच्या पद्धतीनेच जायचं तर मुलाचीही त्याच पद्धतीने काढा, एवढंच म्हणते आहे. तेही मी वर करून दाखवलं.

छत्रे आणि टिळकांचं नाव घेतलंत तर व्यंकटेश बापूजी केतकरांचंही घ्या. चित्रापक्षाची बाजू त्यांनी इतक्या नेटाने लढवली की आज महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं त्याच बाजूला आहेत. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली सरकारने १९५२ मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली, तिनेही चित्रापक्षच धरला. २१ मार्च १९५६ चा अयनांश २३ अंश १५ कला ठरवला. ही सगळी मंडळी अभ्यासूच होती. दोन अभ्यासू पक्षांत मतभेद असेल तर त्याचा भुर्दंड पंचविशीतल्या मुलीने का भरायचा?

शंकुछाया

मी व्यवसायाने पत्रिका बघतो, राजवाड्याजवळ बसतो. ताईंच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, पण त्या अर्ध्यावरच थांबल्या. गुणमेलन सगळं चंद्रावर चालतं. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश सरकतो, त्यामुळे जन्मवेळ पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तरी सहसा गण, नाडी बदलत नाही. पत्रिकेतल्या लग्नाचं, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीचं, तसं नाही. लग्न दर ४ मिनिटांना साधारण १ अंश पुढे जातं. नवमांशातलं (राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या कुंडलीतलं) लग्न तेरा-चौदा मिनिटांत पालटतं.

आणि इथे इंदुरात सर्रास काय होतं? सूर्योदय दुसऱ्या गावचा घेतला जातो. मुंबई आणि इंदूर यांच्या रेखांशांत ३ अंशांचं अंतर, म्हणजे १२ मिनिटं. मुंबईचा सूर्योदय धरून इष्टकाल (सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा वेळ) काढला की लग्न तिथेच ३ अंशांनी चुकलं. रास नुकतीच लागली असेल तर मागची रास येते आणि सगळी घरं हलतात. ज्याला काल मंगळ नव्हता त्याला आज मंगळ!

दशांचंही, म्हणजे आयुष्यात ओळीने येणाऱ्या ग्रहांच्या कालखंडांचंही, बघा. ताईंच्याच उदाहरणात २१ अंशांचा चंद्र धरला तर जन्माच्या वेळी चंद्राची दशा पावणेदोन वर्षं उरते, मग मंगळाची ७, मग राहूची १८. गुरूची महादशा लागते २६ वर्षं ९ महिन्यांनी. २५ अंश धरला तर मंगळाची सहा वर्षं दीड महिना उरते आणि गुरू लागतो २४ वर्षं दीड महिन्याने. पंचविशीतल्या मुलीला एक गुरुजी सांगणार राहू चालू आहे, थांबा, आणि दुसरे सांगणार गुरू लागला, उरका.

नवशिकी_वडोदरा

काका, मला स्वतःला पत्रिका मांडायला शिकायचं आहे. ॲपमध्ये सगळं आयतं येतं पण काय चाललंय ते कळत नाही. सुरुवात कुठून करू?

शंकुछाया

घड्याळापासून कर. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची. इंदूर ७५ अंश ५२ कलांवर. दर अंशाला ४ मिनिटं, म्हणून इंदूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या साडेसव्वीस मिनिटं मागे. तुझं वडोदरं आणखी पश्चिमेला, तिथे सदतीस मिनिटं. जन्मवेळेतून ही वजा केलीस की स्थानिक वेळ मिळते, तिच्यावरून नाक्षत्र काल (ताऱ्यांच्या फिरण्यावरून मोजलेली वेळ) आणि मग आपल्या अक्षांशाच्या सारणीतून लग्न. सारणी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, असेल तर अयनांश वजा करायला विसरू नकोस. जुन्या पद्धतीत सूर्योदयापासून मोजतात: सूर्योदय ६ वाजून १० मिनिटांनी, जन्म दुपारी २ वाजून ३४ मिनिटांनी, मधले ८ तास २४ मिनिटं गुणिले अडीच (तासाच्या अडीच घटी), इष्टकाल २१ घटी.

कुंडलीच्या चौकटीत वरच्या मधल्या घरात लग्नराशीचा आकडा लिहायचा आणि डावीकडे उतरत पुढचे आकडे भरत जायचं. ते आकडे राशीचे असतात, घराचे नव्हेत. नव्या मुलांचा गोंधळ नेहमी इथेच होतो.

कधी इंदूरला आलीस तर उज्जैनला वेधशाळेत जा. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेलं सम्राट यंत्र, म्हणजे मोठं सूर्यघड्याळ, अजून उभं आहे. भिंतीच्या कडेची सावली खालच्या कमानीवरच्या खुणांवर पडते, आणि बघता बघता एका बारीक रेघेवरून दुसरीकडे सरकते. तिथे वाचलेली वेळ आपल्या घड्याळाशी जुळत नाही. फेब्रुवारीत सुमारे ४१ मिनिटं मिळवावी लागतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११ च. स्थानिक वेळ म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

घरात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळातला कोणाचा जन्म असेल तर जपून. युद्धामुळे देशाची घड्याळं तासभर पुढे होती. तो तास वजा न केलेल्या पत्रिका माझ्याकडे अजून येतात.

पुरावा_दाखवा

इतका वेळ वाचतो आहे आणि अस्वस्थ झालो आहे. मालवमाती ताई, तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत की तीच मुलगी, तोच आकाशातला चंद्र, आणि माणसांनी आरंभबिंदू ४ अंशांनी हलवला की देवगणाची राक्षसगण होते. मग गण मुलीत आहे कुठे? तो फक्त मोजणाऱ्याच्या कागदावर आहे. इथून पुढचं पाऊल पत्रिका नव्याने काढण्याचं नाही, ती बाजूला ठेवण्याचं आहे.

मंगळाचंच घ्या. १, ४, ७, ८, १२ या घरांत मंगळ असला की दोष. बारातली पाच घरं, म्हणजे शंभरातली चाळीसेक माणसं. इतक्यांच्या जोडीदारांवर संकट येत असतं तर ते मोजायला ज्योतिषी लागला नसता.

आणि मोजूनही झालं आहे. डॉ. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि विचारलं, कोणती कोणाची? २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती. २००९ मध्ये हे छापून आलं आहे.

शंकुछाया

ती चाचणी मला माहीत आहे. माझ्याकडे येणारा माणूस मूल मतिमंद आहे का हे विचारायला येत नाही, तो लग्न, नोकरी, दुखणं विचारतो. जो प्रश्न आम्ही रोज हाताळत नाही त्यावर सगळ्या शास्त्राचा निकाल लावणं मला न्यायाचं वाटत नाही.

पुरावा_दाखवा

मग लग्नाच्या प्रश्नावर घ्या चाचणी. शंभर मोडलेले संसार, शंभर टिकलेले, नावं झाकून. तुम्ही बसाल?

शंकुछाया

जन्मवेळा दवाखान्याच्या नोंदीतल्या असतील आणि सगळ्या पत्रिका एका अयनांशाच्या असतील तर बसेन. मनापासून सांगतो.

अन्नपूर्णा_टिळकनगर

तुम्ही सगळे शिकलेले लोक आकड्यांत अडकलात. मी बरीच वर्षं इथल्या परिचय मेळाव्यांत नोंदणीला बसते. 'पत्रिका जुळत नाही' हे पुष्कळदा पत्रिकेबद्दल नसतंच. मुलाचा पगार कमी वाटला, मुलीचं वय जास्त वाटलं, कोणाला आणखी चांगलं स्थळ सांगून आलं, तर कोणाचं मन न दुखवता नाही म्हणायचा हा रस्ता आहे. तो बंद केलात तर लोक तोंडावर 'तुमची मुलगी सावळी आहे' म्हणतील. ते चालेल का? मालवमाती ताई, तुम्ही अयनांश दाखवलात म्हणून ते लोक परत येतील असं मला वाटत नाही.

मालवमाती

अन्नपूर्णा ताई, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. नाही म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि कारण सांगायलाच हवं असंही नाही. 'आमचा योग नाही' म्हणा, आम्ही समजू. पण राक्षसगण म्हटलं की तो शब्द त्या मुलीबरोबर पुढच्या घरी जातो. आमच्याकडे दुसरं स्थळ आलं तेव्हा त्यांना ते आधीच कळलेलं होतं! हा सौम्य नकार नाही हो.

पुरावा_दाखवा, तुमच्या तर्काला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही. माझी ताई पत्रिका बघितल्याशिवाय मुलीचं लग्न करणार नाही. इंदुरातल्या शंभर मराठी घरांत जाऊन विचारा, बहुतेक जणी तेच सांगतील. त्या घरांना 'पत्रिका फेका' सांगून मी दारातूनच परत येईन. 'दोन्ही एकाच अयनांशाच्या करा' म्हटलं तर निदान आत बसवून घेतील.

पुरावा_दाखवा

आणि एकाच अयनांशाने काढल्यावरही खरोखरच एकनाड निघाली तर? तेव्हा त्या मुलीला काय सांगाल?

मालवमाती

तेव्हा ताईशी भांडेन. गुण ३६ आहेत, नाडीचे त्यातले ८. उरलेल्या २८ मधले किती जुळतात ते बघा, अठरा भरतात का बघा, आणि मुलं एकमेकांना काय म्हणतात ते आधी ऐका, असं सांगेन. तिने ऐकलं नाही तर तेव्हा तुम्हाला हाक मारेन.

रामबागकर

ताई, एका गोष्टीवर मी मागे येतो. दोन पक्षांच्या पत्रिका एकमेकींसमोर ठेवणं चूकच. आमच्या घरच्या चारही पत्रिका रैवत पक्षाच्या आहेत आणि समोरून काय येतं हे मी आजवर विचारलेलं नाही. पण नव्याने काढायची झाली तर आमच्या पंचांगाने काढा, हा आग्रह सोडणार नाही.

मालवमाती

नका सोडू काका. फक्त कागदाच्या माथ्यावर लिहा: कोणतं पंचांग, कोणता अयनांश, जन्मवेळ कोणी नोंदवली. भाचीच्या दोन्ही पत्रिकांवर आज मी तसं लिहिलं, आणि दोन्ही मुलाच्या आईकडे पाठवल्या. त्यांचीही दोन्ही पद्धतींनी काढून सोबत जोडली आहे.