सुट्टीला गेलात आणि तिथलेच होऊन राहिलात, असे अनुभव लिहा ना!

अळूवडी:
आज सकाळी खालून इडलीवाला सायकलवर पों पों करत गेला आणि मला एकदम दिवाडी आठवली. जुन्या गोव्यासमोर मांडवीतलं बेट, फेरीबोटीनं जायचं. एका आजींच्या घरी खोली घेतली होती. अस्साच भोंगा वाजवत पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला यायचा. आजी रात्रीच फाटकाला कापडी पिशवी अडकवून ठेवायच्या, तो त्यात पोई (तिकडचा कोंड्याचा पाव) टाकून पुढे. मग आमचीपण पिशवी त्यांच्या शेजारी लटकायला लागली. दुपारी शीत-कडी, म्हणजे भात-आमटी आणि मग अख्खं गाव झोपतं, दुकानंसुद्धा बंद. नवरा आधी अस्वस्थ, बीच कुठे, आता कुठे जायचं, अहो बेटावर बीचच नाहीये! मग तोही झोपायला लागला. संध्याकाळी धक्क्यावर बसायचं, पणजीहून कामावरून परतणारे लोक बघायचे, तिसऱ्या संध्याकाळपासून लोक आमच्याकडे बघून मान हलवायला लागले. फार बरं वाटायचं हो. तुमचंही सांगा.

घाटवाट:
फेरीत गाडी नेता येते का?

अळूवडी:
येते, चारचाकीला पैसे पडतात. चालत जाणाऱ्याला काही नाही. पण चालतच जा, बेट लहान आहे.

जुनं नाणं:
दिवाडीचं नाव निघालं म्हणून. सप्तकोटेश्वर मूळचा तिथलाच. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, मग देव पलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. धाग्याशी संबंध नाही पण फेरीनं जाल तर नार्व्यालाही जाऊन या.

खाजा:
मालवणाक येवचा झाला तर जत्रांच्या दिवसांत येवा! मे महिन्यात सगळे येतात, स्कुबा करतात आणि जातात. कार्तिकापासून गावोगाव जत्रा सुरू होतात, देवळापुढे दशावतार, तो सुरूच होतो मध्यरात्रीच्या आसपास आणि उजाडेपर्यंत चालतो. लिहिलेलं नाटक नसतंच, कथा ठरलेली, संवाद तिथल्या तिथे. माझी पुण्याची मावसबहीण आली होती, तिला म्हटलं खुर्ची शोधू नको, गोधडी घे आणि बायकांत बस. संकासुर राक्षस आला तेव्हा शेजारच्या काकी तिला सगळं समजावून सांगत होत्या, कोणाचा मुलगा कुठली भूमिका करतोय इथपर्यंत 😄 आता दर वर्षी तारीख विचारायला तिचाच फोन येतो.

भाकरतुकडा:
@खाजा तिरफळं ताजी कधी मिळतात? आमच्याकडे सुकीच येतात आणि बांगड्याच्या आमटीला तो वास येत नाही

खाजा:
पावसाळ्यात. पत्ता कळव, पाठवते.

पांढरा रस्सा:
लोकहो कोल्हापूरला येता, अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा, चप्पल, झालं. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर या की एकदा! म्हशी तिथंच उभ्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात. फेसासकट प्यायचं. आणि कुणी 'आणि एक घ्या की' म्हटलं तर नाही म्हणायचं नाही. शेजारी कुस्तीचा विषय चालू असतो, ऐकत उभं राहायचं, तुम्हालाही विचारतील कुठलं गाव म्हणून.

सकाळची पाळी:
कुकर लावून लिहितेय. बनारस, जानेवारी. लेक तिकडे शिकायला होती, तिच्या घरमालकीणबाई म्हणाल्या हॉटेलात नाश्ता करायचा नाही, चला. ठठेरी बाजारात उभ्यानं कचोरी-जिलबी आणि मग मलइयो. दुधाचा नुसता फेस, केशराचा, जिभेवर ठेवला की गेला. थंडीतच मिळतो, दूध रात्री उघड्यावर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळतात, ऊन चढलं की संपलं. लेक आता नोकरीला बंगळुरात, पण त्या बाईंचा मला अजून दिवाळीला फोन अ शिट्टी झाली

घाटवाट:
😂 तिसरी का चौथी?

पासपोर्ट:
इस्तंबूल. ऑफिसच्या कामाला गेलो, शनिवार-रविवार मोकळा. टूरवाल्या क्रूझऐवजी रोजची बोट घेतली, एमिनोनु ते कादिकॉय, युरोपात चढायचं आणि आशियात उतरायचं, तिकीट आपल्या सिटी बससारखं कार्डावर. आत चहावाला ट्रे घेऊन फिरतो, छोट्या काचेच्या पेल्यात कोरा चहा. लोक सिमित म्हणजे तिळाची गोल पावकडी खातात आणि तुकडे सीगलना टाकतात. एका आजोबांनी न बोलता अर्धी सिमित माझ्या हातात दिली, पक्ष्यांना टाकायला. वडील जाऊन थोडेच महिने झाले होते. रडलो तिथे.

अळूवडी:
@पासपोर्ट 🙏 लिहिलंत ते बरं केलंत.

भाकरतुकडा:
हो दादा. काळजी घ्या.

घाटवाट:
बरं, दिवाडी ठरवतोय, जुलैत. मासे मिळतील ना?

खाजा:
१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, गोव्यात आणि आपल्याकडेही. खाडीतलं मिळतं, बाकी घरोघरी उन्हाळ्यात भरून ठेवलेलं सुकं. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर मागा आणि आजींनी वाढली तर दोनदा घ्या.