पुण्यातल्या उद्योगांचा आत्मविश्वास वाढलाय म्हणे. मग कुपवाडात दुसरी व्हीएमसी मशीन घेऊ का?

कुपवाड_जॉबवर्क
नमस्कार मंडळी. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणाऱ्या, धातू कापायच्या मशीन). नव्वद टक्के काम चाकणच्या एकाच पार्टीचं. कास्टिंग (ओतीव भाग) कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून येतं, मशिनिंग आम्ही करतो, माल रात्रीच्या गाडीनं चाकणला.

मागच्या आठवड्यात पार्टीच्या परचेसच्या साहेबांचा फोन आला, "कपॅसिटी वाढवून ठेवा, पुढच्या वर्षी व्हॉल्यूम येतोय." लेखी काही नाही. त्याच दिवशी पेपरात बातमी की पुणे परिसरातल्या कारखानदारांचा आत्मविश्वास वाढला, निर्देशांक वर गेला. मशीन विकणाऱ्या माणसानं तेच कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. बँकेत गेलो तर मॅनेजरही तेच बोलायला लागले. तिघं ठरवून आल्यासारखे.

मशीन २८ लाख, वर १८ टक्के जीएसटी. बँक २२ लाख द्यायला तयार आहे, पाच वर्षं, दहा टक्क्यांनी. आत्ताची व्हीएमसी दिवसा पूर्ण चालते, रात्री आठवड्यातून दोन-तीन दिवस. वडिलांचं म्हणणं, पेपरातला निर्देशांक आपला हप्ता भरायला येणार नाही. बायको म्हणते, घ्यायचीच असेल तर नंतर तोंड पाडून बसू नका. तुमचं काय मत?

निवृत्त_कर्जविभाग
विश्रामबागेत राहतो. बँकेत अख्खी नोकरी लघुउद्योगाच्या फायली बघण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिल्यांदा त्या निर्देशांकाबद्दल. अशा सर्वेक्षणात कंपनीला विचारतात की मागच्या वेळेपेक्षा ऑर्डरी वाढल्या, तेवढ्याच राहिल्या की घटल्या. रिझर्व्ह बँकेच्या औद्योगिक सर्वेक्षणात १०० ही मधली रेघ असते, पीएमआयमध्ये (कंपन्यांच्या परचेसवाल्यांना विचारून काढतात तो निर्देशांक) ५०. रेघेच्या वर म्हणजे "वाढल्या" म्हणणारी डोकी जास्त. किती वाढल्या, हे त्यात येत नाही. एक टक्का वाढलेला आणि चाळीस टक्के वाढलेला, दोघांचं मत एकच धरलं जातं. मागची तिमाही पडलेली असेल तर नुसता जाग्यावर आलेला कारखानदारही "वाढ" सांगतो. आणि "पुढे काय वाटतं" याचं उत्तर बहुतेक वेळा "आत्ता कसं आहे" यापेक्षा गोडच असतं. आमच्याकडे कर्जाच्या अर्जाला जोडलेला विक्रीचा अंदाज कधी खाली जाताना मी पाहिला नाही.

आता तुमचं गणित. २२ लाख, पाच वर्षं, दहा टक्के, म्हणजे हप्ता साधारण ४६,७०० रुपये. तुमचा तासाचा दर मला माहीत नाही, ३५० धरतो. दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर, लाईट, इन्सर्ट (कापायची पाती), कूलंट मिळून तासाला २०० जातात असं धरा. उरले १५०. म्हणजे हप्ता निघायलाच महिन्याला ३११ तास मशीन फिरली पाहिजे. २६ दिवस दोन पाळ्या म्हणजे ४१६ तास. त्यातून सेटिंग, बिघाड, कास्टिंग न येणं, ऑपरेटर न येणं वजा केलं की ३३० उरतात. थोडक्यात, दोन्ही पाळ्या भरल्या तर तुम्ही फुकट काम करता आणि एक जरी रिकामी राहिली तर घरातून भरता.

मॅनेजर व्याज उतरलं म्हणून सांगत असतील. खरंच उतरलंय. २०२५ या वर्षात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ६.५० वरून ५.२५ वर आला. पण या कर्जावर सव्वा टक्का म्हणजे महिन्याला जेमतेम १,४०० रुपये. पार्टीनं दर ३५० वरून ३३० केला तर त्याच ३३० तासांवर ६,६०० गेले. रिझर्व्ह बँकेनं वर्षभरात दिलेलं पार्टी एका फोनवर चौपटीनं काढून घेते.

आणि एक सांगा, आहे त्या मशीनची रात्र अर्धी रिकामी असताना दुसरी कशाला बघताय?

हळद_आडत_हिशोब
मी मार्केट यार्डात आडतीच्या दुकानात हिशोब बघते. मशीनमधलं मला काही कळत नाही, पण बाजार कसा आहे हे मी पुण्याच्या पेपरात बघत नाही. आमच्याकडे हळदीचा हंगाम लागला की शेतकरी पट्टी हातात आल्या आल्या कुठं जातो ते बघायचं. सोसायटीचं देणं भागवून थेट गावाकडची एसटी धरली, तर वर्ष ओढाताणीचं. सराफ कट्ट्यावर नाहीतर गाडीच्या शोरूमला वळला, तर बरं. उसाचंही तेच. कायद्यानं बिल १४ दिवसांत मिळायला पाहिजे. कारखान्यानं लांबवलं की गणपती पेठेतला किराणा पण उधारीवर जातो.

म्हणून विचारते दादा, तुमचा पार्ट कशाचा आहे? कारचा असेल तर आमचं सगळं सोडून द्या. ट्रॅक्टरचा असेल तर चाकणपेक्षा उसाच्या बिलाकडं आणि पावसाकडं लक्ष ठेवा.

पुराचं पण धरा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. कुपवाड उंचावर आहे, तुम्ही बुडणार नाही. पण त्या वेळी शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. तुमचं कास्टिंग तिथनंच येतं ना? हप्ता थांबत नाही हो पुरासाठी.

चाकणचा_मिरजकर
मूळचा मिरजेचा, चाकणला परचेसमध्येच आहे (तुमच्या पार्टीकडे नाही, काळजी नसावी). "कपॅसिटी वाढवा" हा फोन एकाच दिवशी तीन-चार व्हेंडरना जातो. आम्हाला वरून सांगितलेलं असतं की व्हॉल्यूम आला तर माल अडकता कामा नये. चौघांनी मशीन घेतल्या आणि काम दोघांपुरतंच आलं तर आमचं काही जात नाही. उलट दर पाडून मागायला सोपं जातं. कडू आहे, पण हे असंच चालतं.

शेड्यूल बघा, म्हणजे कुठल्या महिन्यात किती माल लागेल हे पार्टी कळवते तो कागद. पहिला महिना पक्का, पुढचे दोन अंदाजे, अशीच पद्धत असते. मागच्या वर्षभराची शेड्यूलं काढा. अंदाजे दिलेल्यातलं प्रत्यक्षात किती उचललं, तो आकडा म्हणजे तुमच्या पार्टीचा खरा आत्मविश्वास. पेपरवाल्यांकडे तो नसतो.

बातमी खोटी आहे असं मी म्हणत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५. आमच्याकडे त्यानंतर खरोखर हालचाल वाढली. पण कर एकदाच कमी होतो. पुढच्या वर्षीची तुलना या वाढलेल्या आकड्याशी होणार आणि तुमचे हप्ते तेव्हाही चालूच असणार.

अजून एक. जनरल मोटर्सनं डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचं उत्पादन थांबवलं. पुढे ह्युंदाईनं तो कारखाना घेतला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या निघायला लागल्या. पुणे परिसर म्हणून बघितलं तर झालं सगळं सुरळीत. पण नव्वद टक्के काम त्या एकाच गेटवर असलेल्या व्हेंडरनं मधली वर्षं कशी काढायची? तुमचा नव्वद टक्क्यांचा आकडा वाचून मला मशीनपेक्षा त्याचीच भीती वाटली.

कुपवाड_जॉबवर्क
सगळ्यांचे आभार. पार्ट ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं हाऊसिंग आहे, ताई. दर ३६० आहे, म्हणजे बँकेतल्या साहेबांचं गणित जवळजवळ तंतोतंत. पेमेंट कागदावर ६० दिवस, हातात शंभराच्या पुढे. उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची) आहे, पण लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचा नियम काढला की तिकडून हसतात.

शेड्यूलं काढून बसलो काल. अंदाजे दिलेल्यातलं साठ-पासष्ट टक्केच उचललंय. फक्त दिवाळीआधीच्या दोन महिन्यांत पूर्ण.

परचेसच्या साहेबांना आज फोन करून म्हटलं, वर्षाची किमान संख्या लिहून द्या, उद्या मशीन बुक करतो. तर म्हणाले, "एवढ्या वर्षांत आमच्यावर विश्वास नाही का?"

निवृत्त_कर्जविभाग
त्यांना सांगा, माझा आहे, बँक कागद मागते. आमच्या नावावर ढकला, आम्हाला सवय आहे.

४५ दिवसांचं हसण्यावारी नेऊ देऊ नका. पार्टी मध्यम किंवा मोठी असली तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचं थकलेलं बिल त्यांना त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, कर बसतो. त्यांच्या अकाउंट्सवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. मार्चच्या आत त्याच्याशीच बोला, परचेसशी नको. शंभराचे साठ दिवस झाले तरी मशीन न घेता तुमच्याकडे खेळतं भांडवल येईल.

चाकणचा_मिरजकर
हे बरोबर. आमच्याकडे फेब्रुवारीपासून अकाउंट्सवाले स्वतःच व्हेंडरची उद्यमची प्रत मागायला लागतात.

कुपवाड_जॉबवर्क
बरं. मशीन तूर्त थांबवतो. मशीनवाल्याला सांगितलं तर त्यानं लगेच पन्नास हजार कमी केले, म्हणजे त्याचाही आत्मविश्वास कळला. आधी रात्रपाळी भरायची आणि पलूसकडं पंपाच्या पार्टचं काही मिळतं का बघायचं. रात्रीसाठी फॅनुक कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) येणारा ऑपरेटर कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. मिरज-कुपवाडचाच हवा, रात्री बाराला वडापच्या जीपवर अवलंबून राहणारा नको.