पारंपरिक खेळणी मांडली आणि तास पडला. आता काय करू?

शनिवारची ताई
वाचनालयात दर शनिवारी आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा तास घेते, वीसेक मुलं असतात. या महिन्यात 'जगभरची पारंपरिक खेळणी' हा विषय घेतला आणि पहिल्याच दिवशी आपटले. टेबलावर रशियाची मात्र्योश्का (एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या), जपानची कोकेशी ही लाकडी बाहुली आणि केंदामा हे काठी-चेंडूचं खेळणं, मागे नकाशा, प्रत्येकापुढे चिठ्ठी. शिवाय 'हात लावू नये' अशी पाटी, कारण मात्र्योश्का मैत्रिणीची. मी बोलत होते आणि मागची रांग एकमेकांना चिमटे काढत होती. शेवटी दोनच प्रश्न आले. कोकेशीकडे बोट दाखवून "हिला हात-पाय का नाहीत?" आणि "जपानमधली मुलं अजून याच्याशीच खेळतात?" पहिल्याचं उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्याला मी "हो... म्हणजे नाही..." म्हणाले आणि घंटा झाली. अजून तीन शनिवार आहेत.

कातारी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर लेथमध्ये, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रात आहे. कोकेशी कातलेली बाहुली आहे. फिरत्या लाकडाला पटाशी लावली की जे निघतं ते गोलच निघतं, हात-पाय कुठून येणार? जपानमधल्या नारुको गावच्या कोकेशीची मान फिरवली की ती किरकिरते, डोकं तसंच घट्ट बसवलेलं असतं. तुमच्या पाटीमुळे मुलांची ती गंमत गेली.

मात्र्योश्काही लेथवरचीच. आधी सगळ्यात आतली, न उघडणारी चिमुकली करतात आणि तिच्या मापानं बाहेरच्या. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणीही तशीच. तिथे फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणानं लाख वितळते आणि रंग चढतो. तीन देश, यंत्र एकच. मी स्वतः हौस म्हणून लाकूड कातायला लागलो तेव्हा हे कळलं, पुस्तकात वाचून नाही.

निळी शाई
'पारंपरिक' शब्द जरा जपून वापरा. मात्र्योश्का फार जुनी वाटते, पण पहिली १८९० च्या सुमाराची. झ्व्योझ्दोच्किन या कारागिरानं कातली, मल्यूतिन या चित्रकारानं रंगवली. सगळ्यात बाहेरच्या मुलीच्या हातात काळा कोंबडा आहे. केंदामाचं मूळ काठी-चेंडूच्या खेळात, आणि तसा खेळ फ्रान्समध्ये त्याच्या कितीतरी आधी होता. आजचा तीन वाट्यांचा केंदामा विसाव्या शतकातला. खेळणी गावं बदलत हिंडतात, हे मुलांना नक्की आवडेल.

जुना मास्तर
ताई, चुकलात म्हणणार नाही, मीही अशीच टेबलं मांडली आहेत. पण एका देशाला एक खेळणं, ही मांडणीच मला पटत नाही. मुलांच्या डोक्यात उरतं काय, तर रशिया म्हणजे बाहुली आणि जपान म्हणजे काठी-चेंडू. म्हणून तर तुम्हाला तो दुसरा प्रश्न आला.

देश नको, एक खेळ घ्या. मी खडे घेतो. प्रत्येकाला पाच. वीस मुलं म्हणजे शंभर खडे, आदल्या दिवशी धुऊन ठेवा. पहिली वीस मिनिटं एक शब्द बोलायचा नाही. एक उडवायचा, खालचा उचलायचा, वरचा झेलायचा. ज्यांना येतं ती मुलं बाकीच्यांना शिकवतात, तुम्ही नुसतं बघत बसा. (हे सगळ्यात अवघड. माझी जीभ वळवळते.)

मग विचारायचं, खडे नसतील तर कशानं खेळाल? बटणं, चिंचोके, काय वाटेल ते येतं. तेव्हा पिशवीतून सागरगोटे काढायचे. ती काटेरी वेलीची टणक बी आहे, हे निम्म्या मुलांना माहीत नसतं. मग मंगोलियातल्या मेंढपाळांच्या मुलांकडे काय असेल? मेंढीच्या घोट्याचं हाड. त्याला ते शागाई म्हणतात. त्याच्या चार बाजू वेगळ्या पडतात, आणि त्यांची नावं घोडा, उंट, मेंढी, बकरी. घरात जी जनावरं, तीच हाडावर. प्राचीन ग्रीसमधली मुलंही असल्याच हाडांनी खेळायची. कोरियात पाच गोट्यांचा गोंगी आहे. नकाशा इथे उघडायचा, आधी नाही.

एक सावधगिरी. मी खरी हाडं वर्गात आणली, स्वच्छ उकळलेली, तरी दोन पालकांचे संतापलेले फोन आले. आधी कळवा, नाहीतर मातीची करून घ्या.

'अजून याच्याशीच खेळतात का' याला सरळ उत्तर द्या. तुम्ही रोज भोवरा खेळता का? नाही ना. तीही नाहीत.

निळी शाई
मास्तरांशी सहमत, एक भर. बाहुलीसारखं दिसणारं सगळं खेळणं नसतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या होपी या मूळ रहिवाशांच्या लाकडी 'कात्सिना' बाहुल्या मुलींना देतात त्या कात्सिना आत्म्यांची ओळख व्हावी म्हणून. त्यांना त्या पवित्र आहेत. कार्डबोर्डच्या कात्सिना करायला लावणारे हस्तकलेचे तास पाहिले की मला कसंसंच होतं. जपानमध्येही ३ मार्चच्या हिना बाहुल्या मांडून ठेवायच्या असतात, खेळायच्या नसतात. तुमची पाटी तिथे चालली असती.

बटणदोरा
शेवटच्या शनिवारी मोठं बटण आणि जाड दोरा द्या. दोन भोकांतून दोरा, पीळ घालायचा आणि ओढायचा, घूंऽऽ आवाज येतो. असली भिंगरी अनेक खंडांतल्या मुलांनी फिरवली आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटानं हीच युक्ती वापरून रक्तातले घटक वेगळे करणारं कागदी यंत्र केलं, मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत. डोळ्यांपासून लांब धरा, आणि बटण जड घ्या. हलकं बटण नीट फिरत नाही.

शनिवारची ताई
खडे झाले! वीस मिनिटं मी गप्प राहिले, म्हणजे सतरा. चिमटे काढणाऱ्या रांगेतला एक मुलगा चार खडे एकदम उचलतो. शागाईच्या चार बाजू सांगितल्यावर त्यानं विचारलं, "आणि ज्यांच्याकडे उंटच नाही ते?" मास्तर, याचं उत्तर तुम्ही द्या.

मैत्रिणीला विचारून मात्र्योश्का हातात दिली. कोकेशीची मान सगळ्यांनी फिरवून पाहिली, ती किरकिरत नाही, तेव्हा नारुकोची नसावी. आणि मात्र्योश्कातली सगळ्यात आतली चिमुकली बेपत्ता आहे. तीन दप्तरं तपासायची राहिली आहेत.