'घर दूषित' लिहून गेले, म्हणजे नेमकं काय?

बाळीवेसकर
आरोग्याच्या दोघी जणी आल्या होत्या, बॅरल, हौद, फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांच्या ताटल्या सगळं बॅटरी मारून बघितलं आणि जाताना रजिस्टरला आमच्या नावापुढं 'दूषित' लिहिलं. आता सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं हे काय नव्यानं सांगायला नको, साठवल्याशिवाय भागतच नाही, आणि ते पाणी फडक्यानं गाळून भरलेलं, बॅरलचा तळ दिसतोय इतकं नितळ. त्याला दूषित कसं काय म्हणायचं? सासूबाई लई चिडल्यात, "आमच्या घरात घाण हाय का" म्हणून. दूषित म्हणजे बिघडलेलं, घाण मिसळलेलं असंच आपण आजवर समजत आलो की. हा वेगळा काही अर्थ आहे का?

जुना एमपीडब्ल्यू
ताई, सासूबाईंना सांगा घाणीचा काही संबंध नाही. मी जिल्ह्यात हिवतापच्या कामाला एमपीडब्ल्यू, म्हणजे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी होतो, हा आमच्या खात्यातला शब्द आहे. कंटेनर सर्व्हेत, म्हणजे घरोघरची पाणी साठलेली भांडी बघतात त्यात, 'दूषित' म्हणजे एवढंच की त्या भांड्यात डासाची अळी सापडली. पाणी कसं आहे हे तिथं कुणी तपासतच नाही. घरात एका जरी भांड्यात अळी निघाली तरी घर दूषित धरतात. आणि गंमत अशी की डेंग्यूचा एडिस डास गटारीत अंडी घालत नाही, त्याला तुमच्यासारखं साठवलेलं स्वच्छ पाणीच लागतं.

हे लिहून घेतात ते हिशोबासाठी. १०० घरं बघितली आणि १२ दूषित निघाली तर हाऊस इंडेक्स १२. त्याच १०० घरांत मिळून २० भांड्यांत अळ्या असल्या तर ब्रेट्यू इंडेक्स २०. आणि एकूण ४०० भांडी तपासून त्यातली ही २० असली तर कंटेनर इंडेक्स ५. या आकड्यांवरून कुठल्या गल्लीत आधी माणसं पाठवायची ते ठरतं. एका घराला नाव ठेवायला नव्हे.

शब्दवेडा, पंढरपूर
हे वाचून मजा वाटली, कारण त्याच आरोग्य खात्यात 'दूषित'चा दुसरा अर्थ अगदी जोरात चालतो. आमच्याकडं वारीच्या आधी विहिरी, बोअर, टाक्यांचे पाणी नमुने घेतात आणि मग पेपरात येतं 'अमुक नमुने दूषित'. तिथं दूषित म्हणजे खरंच पिण्यालायक नाही, मैल्यातले जंतू सापडले. ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं ते पाण्याच्या स्रोताची अवस्था बघून. म्हणजे एका कागदावर दूषित म्हणजे घाण पाणी आणि दुसऱ्या कागदावर स्वच्छ पाण्यात अळी, वाचणाऱ्यानं करायचं काय?

शब्द मुळात संस्कृत 'दुष्' वरून, दोष लागलेलं ते दूषित. त्या अर्थानं दोन्हीकडं चुकीचं नाही. पण बोलीत दूषितला घाणीचा वास लागलाय तो आता काही जात नाही.

लॅबवाली
फरक नुसता शब्दाचा नाही, उपाय पण वेगळा आहे म्हणून बोलते. पाणी नमुना दूषित आला तर टीसीएल टाकायची, म्हणजे आपली ब्लिचिंग पावडर, मग ओटी टेस्ट करून क्लोरीन उतरलं का बघायचं, नळाच्या शेवटच्या टोकाला पण लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी राहायला पाहिजे. बॅरल दूषित असेल तर त्या टीसीएलचा उपयोग नाही, पिण्यापुरत्या क्लोरीननं अळी मरत नाही. लोकांना दोन्हीकडं एकच शब्द ऐकू येतो मग ते बॅरलमध्ये पावडर टाकून मोकळे होतात, वरनं म्हणतात औषध टाकलंय की ओ.

बाळीवेसकर
बरोब्बर, शेजारच्यांनी तेच केलंय. मग बॅरलला करायचं काय? त्या बायका काहीतरी थेंब टाकते म्हणत होत्या, सासूबाईंनी टाकू दिलं नाही.

जुना एमपीडब्ल्यू
ते अॅबेट, म्हणजे टेमिफॉस, अळ्या मारायचं औषध. त्यावरूनच 'अॅबेटिंग' झालं, औषधाच्या ब्रँडनावाचं मराठी क्रियापद, आमच्याकडं सर्रास "आज अॅबेटिंगला गेलतो" म्हणतात. मोजूनच टाकतात, वापराच्या पाण्यात. पिण्याच्या भांड्यात नको वाटत असेल तर रिकामं करा, पण नुसतं ओतून देऊ नका. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर आतल्या बाजूला चिकटलेली असतात, बारीक काळी, डोळ्याला कोळशाच्या भुकटीगत दिसतात, आणि ती कोरडी पडून महिनोन् महिने टिकतात. परत पाणी भरलं की फुटतात. म्हणून काथ्यानं आतून घासायचं, तेही ती काळी कड निघेपर्यंत, मग वाळवून भरायचं आणि वर कापड घट्ट बांधायचं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस, आपल्या उन्हात आणखी लवकर, म्हणून आठवड्यातनं एकदा करायला सांगतात. मोठा हौद उपसता येत नसेल तर गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात.

पूर्वभागातला
आमच्याकडं निम्मी गल्ली तेलुगू बोलते, दूषित म्हटलं तर कुणाला काही कळत नाही, "दोमलु" म्हटलं की लगेच झाकण उघडून दाखवतात. अक्कलकोट साईडला कानडीत सोळ्ळे. आशाताई पण तसंच बोलतात, रजिस्टरला मात्र दूषित. माझा एक वेगळा प्रश्न आहे, 'संशयित' चं काय? भाच्याला दवाखान्यात डेंग्यू पॉझिटिव्ह सांगितलं, सलाईन लागलं, सगळं झालं, आणि महापालिकेच्या यादीत त्याचं नाव 'संशयित' मध्ये. आरोपी आहे का बे तो?

लॅबवाली
संशय माणसावर नाही, निदानावर असतो. पट्टीवरची झटपट टेस्ट असते ना, कार्ड टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तरी सरकारी हिशोबात पक्का रुग्ण धरत नाहीत, एलिझा लागते, म्हणजे लॅबमधली रक्ताची पक्की तपासणी. तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत एनएस१ म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधायचं, त्यानंतर आयजीएम म्हणजे शरीरात तयार झालेली अँटिबॉडी. रक्त चुकीच्या दिवशी घेतलं तर खरा डेंग्यू पण निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून 'ताप कधीपासून' हे इतकं विचारतात. दवाखान्याचा आकडा आणि महापालिकेचा आकडा जुळत नाही त्याचं निम्मं कारण हेच, लपवालपवीच असते असं नाही.

पण उपाय करायला एलिझाची वाट बघत नाहीत. संशयित कळला की त्याच्या घराच्या आजूबाजूला ताप सर्व्हे आणि कंटेनर सर्व्हे लगेच.

शब्दवेडा, पंढरपूर
आता सर्व्हे शब्द निघालाच आहे तर माझी जुनी तक्रार. २००४ पासून देशात जो कार्यक्रम आहे त्याचं मराठी नाव 'एकात्मिक रोग सर्वेक्षण'. मूळ शब्द आहे सर्व्हेलन्स. म्हणजे सर्व्हे पण सर्वेक्षण आणि सर्व्हेलन्स पण सर्वेक्षण! सर्व्हे एकदा होतो न संपतो, जनगणनेसारखा. सर्व्हेलन्स कधी संपतच नाही, ताप, जुलाब, कावीळ किती आले हे कर्मचारी लक्षणांवरून कळवणार, डॉक्टर तपासून कळवणार, लॅब रिपोर्टवरून कळवणार, आधी आठवड्याला जायचं आता ऑनलाइन रोज. नेहमीपेक्षा आकडा चढला की चौकशी सुरू. याला 'पाळत' हा मराठी शब्द चपखल आहे पण पोलिसी वाटतो म्हणून कुणी घेत नाही. मला विचाराल तर 'रोगांवर पाळत' बिनधास्त लिहावं, पाळत रोगावर आहे, माणसावर नाही. सर्वेक्षण लिहिल्यामुळं लोक विचारतात "गेल्या महिन्यात तर झाला की सर्व्हे, परत कशाला आलात?"

जुना एमपीडब्ल्यू
हे वाक्य आख्ख्या नोकरीभर ऐकलंय. पण पाळत नको राव, दारात जाऊन "पाळत ठेवायला आलोय" म्हटलं तर कोण बॅरलचं झाकण उघडेल?

'दूषित' ऐवजी आम्ही पुढं पुढं तोंडी 'अळी सापडली' असंच सांगायचो आणि वाटीत काढून दाखवायचो, वळवळताना बघितलं की बाई स्वतःच बॅरल आडवं करते. कागदावर 'अळी आढळली' लिहायला काही हरकत नाही, अक्षरं तीन जास्त एवढंच. काहीजण 'बाधित' म्हणतात पण कोविडनंतर घर बाधित म्हटलं की लोक दार लावून घेतात.

पूर्वभागातला
आणि ते आठवड्यातनं एकदा भांडी रिकामी करायला सांगतात ना, 'कोरडा दिवस पाळा', ते पण बदला कुणीतरी. आमच्या गल्लीत रिक्षावरनं "शुक्रवारी ड्राय डे" ओरडत गेले, तर पोरांनी गुरुवारीच स्टॉक करून ठेवला.

बाळीवेसकर
😀 सासूबाईंना 'अळी' म्हणून सांगितलं, लगेच बॅटरी घेऊन बघायला गेल्या. बॅरलमध्ये नव्हतीच, फ्रीजमागच्या ट्रेमध्ये होत्या पाच-सहा.