‘डान्स बँड’ला मराठीत काय लिहावं?

जुनी पेटी
माझ्याकडे ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तीनेकशे रेकॉर्डी जमल्या आहेत. काही वडिलांच्या मामांच्या, बाकीच्या गेल्या पंधरा वर्षांत चोरबाजारातून आणि भंगारवाल्यांकडून वेचलेल्या. पुढच्या महिन्यात वाचनालयात श्रवणसभा आहे, तिच्यासाठी मराठीत यादी करतोय. कप्पे तीन. पहिल्यावर ‘सुरुवातीचा जॅझ’, दुसऱ्यावर ‘स्विंग’. तिसऱ्यात रे नोबल, अँब्रोज, जॅक हिल्टन असे १९३० च्या आसपासचे विलायती डान्स बँड आहेत. त्यावर ‘नृत्यवृंद’ लिहिलं, तर ग्रंथपाल बाईंनी विचारलं, “नाचणारेही येणार आहेत का?” त्यांचं बरोबर आहे. नृत्यवृंद म्हणजे नाचणाऱ्यांचा वृंद, मला तर नाचणाऱ्यांसाठी वाजवणारे हवेत. नुसतं ‘बँड’ लिहिलं तर लग्नाची वरात डोळ्यांपुढे येते. काय लिहू?

शब्दसखी
ऑर्केस्ट्राला ‘वाद्यवृंद’ रुळलेला आहे. ‘नृत्याचा वाद्यवृंद’ करा. आणि ‘रेकॉर्डी’ का? ‘तबकडी’सारखा नेटका मराठी शब्द असताना?

मांडवीकाठ
पणजीत आमच्या शेजारी एक काका होते, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवायचे. चर्चच्या शाळेत मेस्त्रेकडे (संगीताच्या मास्तरांकडे) नोटेशन शिकले आणि त्या जोरावर मुंबई गाठली. १९३५ साली अमेरिकेचा जॅझवाला लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन ताजमध्ये आला, त्याच्या गोष्टी त्यांनी थोरल्यांकडून ऐकलेल्या. ते कायम ‘बँड’च म्हणायचे. ‘वाद्यवृंद’ ऐकला की मला आकाशवाणी आठवते, नाचघर नाही.

तिस्र
माझा अडथळा दुसऱ्या कप्प्यावर आहे. ‘स्विंग’ला आपल्याकडे शब्द आहे: झोल. आमचे तबल्याचे गुरुजी म्हणायचे, “ठेका बरोबर आहे, झोल नाही.” दोन सारखे स्वर सारखे वाजवायचे नाहीत. एका मात्रेचे तीन भाग करायचे, पहिले दोन एकत्र धरायचे आणि तिसऱ्यावर पुढचा स्वर टाकायचा. पहिला लांब, दुसरा आखूड. लय चढली की हा फरक कमी होत जातो, फार जलद लयीत दोन्ही जवळजवळ सारखे पडतात. गणितात तो बसत नाही, म्हणूनच झोल.

शब्दसखी
पण आज ‘झोल’ म्हटलं की लोकांना घोटाळाच दिसतो. हिंदोळा?

तिस्र
हिंदोळा संथ असतो. मग ‘डौल’ म्हणू. बैल डौलात चालतो तेव्हा तो वेळ चुकवत नाही आणि कवायतही करत नाही.

कर्णा
डौल फार आवडला. फक्त एक घोळ होतोय. स्विंग हा लयीचा गुण आहे आणि एका काळाचं नावही आहे. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पालोमार नाचघरात बेनी गुडमनचा बँड गाजला, तिथून पुढची दहाएक वर्षं ‘स्विंग’ची धरतात. पण लुई आर्मस्ट्राँगच्या १९२५ नंतरच्या शिकागोतल्या रेकॉर्डी ऐका, डौल तिथेच आहे. १९३२ साली ड्यूक एलिंग्टनच्या एका गाण्याच्या नावातच हा शब्द होता, म्हणजे कालखंडाला नाव मिळण्याआधी. तेव्हा गुणाला डौल म्हणा, काळाला स्विंग राहू द्या. क्रिकेटमुळे तो शब्द घराघरांत आहेच. पेटीवाले, आर्मस्ट्राँग कुठल्या कप्प्यात ठेवलात?

जुनी पेटी
पहिल्या. आता शंका येतेय. पण माझा प्रश्न तिसऱ्याचा होता.

चंद्रपूरकर
शब्दसखी, तुमच्या तबकडीबद्दल. ‘तबकडी’ तबकाची लहान मुलगी, आणि ‘तबक’ अरबी. अर्थ थाळी, ताट. माझी आजी ग्रामोफोनला फोनो म्हणायची आणि रेकॉर्डला प्लेट. “फोनोला प्लेट लाव.” प्लेट म्हणजेही ताटलीच! एक अरबस्तानातून आली, दुसरी विलायतेतून. मग एकीला मराठी आणि दुसरीला परकी का म्हणायचं?

शब्दसखी
कारण तबकडीला आपण ‘-डी’ लावून घरात घेतलं. तिचं अनेकवचन होतं, तिला विभक्ती लागते. शब्द कुठून आला यापेक्षा तो आपल्या व्याकरणात राहतो की नाही, हे मी पाहते.

कर्णा
मग ‘रेकॉर्ड’ही राहतो. “रेकॉर्ड मोडली” म्हणजे हातातून पडली. “रेकॉर्ड मोडलं” म्हणजे कुणीतरी जास्त धावा केल्या. स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग लावून एकाच उसन्या शब्दाचे आपण दोन केले. हे इंग्रजीला जमलेलं नाही.

शब्दसखी
हे मान्य. तरीही यादीत मी तबकडीच लिहीन.

चंद्रपूरकर
‘लाखेची तबकडी’ लिहा, म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डींपासून वेगळी कळेल. ७८ च्या रेकॉर्डी ज्या शेलॅकच्या बनायच्या, त्यातला ‘लॅक’ म्हणजे आपली लाखच. आमच्या विदर्भात गोंदियाच्या बाजूला पळसावर लाखेचे किडे पोसतात. एका काडीवर लाखो किडे, म्हणून लाख.

तिस्र
ही व्युत्पत्ती सगळीकडे ऐकू येते, पण पटत नाही. संख्येची लाख ‘लक्ष’पासून, ही लाख ‘लाक्षा’पासून. पांडवांचं लाक्षागृह आठवा.

चंद्रपूरकर
आमच्या आजोबांनी सांगितलेलं आहे, मी सोडणार नाही. मराठीत दोन्ही शब्द आज एकच दिसतात, हेही खरं.

रंधा
सुतारकामातला माणूस आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे तिला चपडा म्हणतात. स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतात. पेटीवाल्यांना हात जोडून विनंती: रेकॉर्ड स्पिरिटनं पुसू नका. ओळखीच्या एकानं दुकानात मिळणारा क्लीनर लावला, त्यात अल्कोहोल होतं. चार रेकॉर्डींवरच्या रेघाच गेल्या. थंड पाणी, साबणाचा एखादा थेंब, मधल्या कागदाला ओल लागू द्यायची नाही, आणि आडवं न टाकता उभं वाळवायचं.

कर्णा
आणि एलपीची (पुढच्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डची) बारीक सुई लावू नका. ७८ ची रेघ रुंद असते, बारीक सुई तिच्या तळाशी फिरते आणि खरखर तेवढी वाढते. बाकी लाखेचा संग्राहकाशी थेट संबंध आहे. अमेरिकेला लाख मुख्यतः भारतातून जायची. युद्धात तिचा पुरवठा आटला आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारनं रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर मोठी कपात लादली. जुन्या रेकॉर्डी गोळा करून, दळून पुन्हा वापरल्या. १९२० च्या दशकातल्या किती चांगल्या प्रती त्यात गेल्या, याचा विचार आला की मला अजून वाईट वाटतं.

मांडवीकाठ
‘जॅझ’बद्दल कुणीच का बोलत नाही? १९१७ च्या ज्या रेकॉर्डपासून सगळे जॅझच्या रेकॉर्डी मोजायला लागतात, तिच्या लेबलवर बँडच्या नावात शेवटी दोन ‘एस’ होते, ‘जॅस’. त्याआधी पाचेक वर्षं हा शब्द कॅलिफोर्नियात बेसबॉलच्या बातम्यांत जोम, तडफ अशा अर्थानं येत होता. मग शुद्ध रूप कुठलं धरायचं? पुढे अमेरिकेतल्या बोलीअभ्यासकांनी त्यालाच विसाव्या शतकाचा शब्द ठरवलं.

जुनी पेटी
सगळ्यांचे आभार. काल पुन्हा लेबलं वाचत बसलो. तिसऱ्या कप्प्यातल्या बहुतेकांवर नाचाचा प्रकारच छापलाय: फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ. म्हणून ‘फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ आणि इतर नाचांच्या रेकॉर्डी’ असं लिहिलं. वाद्यवृंदही नाही आणि बँडही नाही. पण त्याच लेबलांवर ‘व्होकल रिफ्रेन’ असतं, आणि गायकाचं नाव बहुधा नसतंच. अर्धी रेकॉर्ड नुसती वाद्यं, मग गाणारा एकदा येतो आणि जातो. मी ‘पालुपद गायनासह’ लिहिलंय. चालेल?

शब्दसखी
पालुपद पुन्हा पुन्हा येतं. हा तर एकदाच येतो म्हणता.

तिस्र
‘ध्रुवपद’ लिहा.

चंद्रपूरकर
ध्रुवपदही पुन्हा पुन्हाच येतं. आजी असल्या रेकॉर्डला ‘मध्येच गाणारी प्लेट’ म्हणायची.